एल्डन व्होपॅट निवडणूक हलवतात

सहा वेळा निवडून आलेल्या माणसाला 'तुला निवडून दिलं कुणी?' असं विचारू नये. विचारायचंच झालं तर निदान त्याच्या तोंडात घास असताना तरी विचारू नये. ड्वेन कुबिकनं नेमकं तेच केलं.

ऑक्टोबरातला रविवार होता. अग्निशमन दलाचा वार्षिक पॅनकेकचा नाश्ता होता, म्हणजे झाडून सारं लिंडन फॉर्क बंबाच्या शेडमध्ये ताटल्या घेऊन उभं होतं. एल्डन व्होपॅट आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळ बसले होते. गावात गारपिटीचा विमा विकायचा तो एल्डननीच, आणि शाळा मंडळावर बसायचं तेही एल्डननीच, असा अठरा वर्षांचा शिरस्ता. दर तीन वर्षांनी एप्रिलात निवडणूक व्हायची आणि दर वेळी ते बिनविरोध यायचे. गेली दहा वर्षं तर ते मंडळाचे अध्यक्षच होते. एवढा मान असलेला माणूस पॅनकेकवर पाक ओतत असताना समोर ड्वेन येऊन बसला. हा धान्याच्या कोठारांचा मॅनेजर. ट्रक वजनकाट्यावर उभा असताना ड्रायव्हरशी जसं बोलतो तसंच सगळ्या जगाशी बोलतो.

"एल्डन, आज इथं किती माणसं असतील?"

"सहाशे असतील की."

"आणि मागच्या खेपेला तुला मतं किती पडली?"

एल्डननी घास चावून घेतला. "एक्केचाळीस. बिनविरोध."

"त्यातली नऊ तर मतदान केंद्रावर कामाला बसलेल्यांची. राहिलेली तुझ्या नात्यातली. अरे, या पॅनकेकला उभं केलं असतं तर पॅनकेक अध्यक्ष झाला असता."

आजूबाजूची चार टेबलं हसली. एल्डनही हसले, कारण शाळा मंडळाच्या अध्यक्षाला तसं हसावं लागतं. पण घास काही गिळवेना. घरी जाताना गाडी वळणावर आल्यावर बायकोला म्हणाले, "लॉर्ना, या गावानं मला खरोखर निवडून दिलंय का गं?"

"कुणी नको तर म्हणालं नाही," लॉर्ना म्हणाली.

"नको न म्हणणं वेगळं, हवा म्हणणं वेगळं."

"मग लग्नाच्या वेळी हे विचारायचं होतंस," लॉर्ना म्हणाली आणि गाडीतून उतरली.

लॉर्ना सव्वीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळते. गावात पस्तिशीच्या आतला एकही इसम असा नाही की ज्यानं तिच्या हातचं खाल्लेलं नाही. तिला असले प्रश्न पडत नाहीत. एल्डनना मात्र पडला, आणि पडला तो असा पडला की सोमवारी सकाळी दाढी करता करता त्यांना उत्तरही सापडलं. दोष गावाचा नव्हता, त्यांचा तर नव्हताच नव्हता. दोष एप्रिलाचा होता. एप्रिलात बर्फ वितळून रस्त्यांचा रबडा होतो, शेतकरी पेरणी यंत्राखाली उताणे पडलेले असतात, आणि मतपत्रिकेवर शाळा मंडळाशिवाय कुणी कुत्रंही नसतं. येणार कोण? नोव्हेंबरात बघा. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, शेरीफ, सगळी बडी मंडळी एकाच कागदावर. लोक झक मारत येतात. त्याच कागदावर शाळा मंडळ छापलं की झालं. हजारभर मतं कुठं गेली नाहीत. त्यातली निम्मी आपली धरली तरी पाचशे. मग ड्वेनला विचारू, आता बोल, तुझा पॅनकेक कुठं आहे?

ही कल्पना त्यांनी प्रथम शेजारच्या हार्लनना ऐकवली. हार्लन हे गावाचे निवृत्त न्हावी. कात्री ठेवली, पण सल्ला देणं सोडलं नाही. कुंपणावर कोपरं टेकवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नोव्हेंबरात लोक हरणांच्या मागे असतात," ते म्हणाले.

"हरणांचा हंगाम नंतर सुरू होतो, हार्लन."

"तयारी आधीपासून असते. शिवाय मतपत्रिकेवर तू येणार कुठं? मी बघितलंय. राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात होते, मग न्यायाधीश, मग पाणीपुरवठा. शाळा मंडळ पाठीमागच्या बाजूला, तण निर्मूलन मंडळाच्या खाली. तणाच्या खाली, एल्डन."

"लोकशाहीत वरखाली नसतं," एल्डन म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की आत जाऊन त्यांनी ते लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते काउंटीच्या कचेरीत गेले. तिथं निवडणुकीच्या खिडकीत टेक्ला ब्रँट बसतात. या टेक्लाबाई चर्चमध्ये भेटल्या की 'अरे एल्डन' म्हणतात, आणि खिडकीच्या आत असल्या की 'मिस्टर व्होपॅट' म्हणतात. या दोन्ही बाया एकच आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही.

"निवडणूक हलवायची तर सह्यांचा अर्ज लागतो, मिस्टर व्होपॅट," त्या म्हणाल्या. "गावात मतदार चौदाशे बारा. त्यातल्या दोनशे बारांच्या सह्या. मग तो प्रश्न मतदानाला टाकता येईल."

"टाका की. नोव्हेंबरात टाका."

"शाळा मंडळाचा प्रश्न शाळा मंडळाच्याच निवडणुकीत टाकायचा असतो. एप्रिलात."

"पण एप्रिलात कुणी येत नाही, हाच तर प्रश्न आहे."

"आणि त्या दिवशी चौघांतल्या एकानं तरी मतदान केलं पाहिजे. तीनशे त्रेपन्न. त्याच्या खाली गेलं तर प्रश्न बाद."

एल्डननी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "म्हणजे बघा हं, टेक्लाबाई. एप्रिलात लोक येत नाहीत म्हणून निवडणूक हलवायची, तर आधी एप्रिलात लोक आले पाहिजेत."

"हो."

"आणि ते आले, तर मग हलवायची कशाला, असं कुणी म्हणेल."

"म्हणेल," टेक्लाबाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे कोरे अर्ज सरकवले.

दुसरा कुणी असता तर तिथूनच घरी गेला असता. एल्डन अर्ज घेऊन थेट लॉर्नाकडे गेले. गारपिटीचा विमा विकणारा माणूस निरभ्र आकाशाखाली उभा राहून गारांबद्दल बोलत असतो. आशेवर जगायची त्याला सवय असते.

डिसेंबरात त्यांनी घरोघर फिरायला सुरुवात केली. लॉर्ना गाडी चालवायची, एल्डन पाटीला चिमट्यानं अर्ज लावून दारोदार. थंडी अशी की श्वास मिशांवर गोठावा. पहिल्याच शनिवारी तिसऱ्या घरी पेनातली शाई गोठली. एल्डननी पेन काखेत धरलं, तोंडात धरलं, इंजिनाच्या झाकणावर ठेवलं. शेवटी त्यांनी गाडीतली सुताराची जाड पेन्सिल काढली. पेन्सिल काही गोठत नाही. पुढच्या सह्या सगळ्या पेन्सिलीनं झाल्या, आणि आपल्या या समयसूचकतेचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की ते प्रत्येक दारात पेन्सिलीची गोष्ट आधी सांगायचे आणि निवडणुकीची नंतर.

लोकांचं लक्ष दोन्हींकडे नसायचं. दार उघडलं की लोक एल्डनच्या खांद्यावरून गाडीकडे बघायचे. "लॉर्ना आहे का गाडीत? अगं ये ना आत." मग लॉर्ना आत, कॉफीपाशी; आणि अध्यक्ष दारातल्या पायपुसण्यावर, बर्फाचे बूट काढावेत की नाही या विचारात. अर्ध्या तासानं आतून आवाज यायचा, "तुझ्या नवऱ्याला कुठंशी सही हवी होती ना? आण इकडं." काय वाचायचं ते कुणी वाचलं नाही. एका बाईनं तर सही करता करता विचारलं, "शाळेत पुन्हा सिनॅमन रोल सुरू करताय का?"

जानेवारीच्या मध्याला एल्डननी दोनशे वीस सह्या टेक्लाबाईंच्या खिडकीत ठेवल्या. बाईंनी एक पान उजेडात धरलं.

"या पेन्सिलीनं आहेत."

"गोठत नाही," एल्डन अभिमानानं म्हणाले.

"पुसता मात्र येते. शाईच हवी, मिस्टर व्होपॅट. महिन्याचा शेवटचा मंगळवार, संध्याकाळी पाच, त्याच्या आत."

शाईच्या सह्या फक्त पाच निघाल्या. आता पुन्हा सगळी घरं. या वेळी लॉर्नानं डझनभर पेनं गरम पाण्याच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि एकेक उबदार पेन खिडकीतून नवऱ्याच्या हातात देऊ लागली. लोक म्हणाले, "परवा केली की सही." एल्डन म्हणाले, "ती सराव सही होती." अकरा दिवस ते विम्याचं दुकान बंद ठेवून हिंडले. नाक सोललं, एक कुत्रा चावला, पण शेवटच्या मंगळवारी पाचला दहा कमी असताना दोनशे एकतीस सह्या, सगळ्या शाईतल्या, त्यांनी खिडकीवर ठेवल्या. टेक्लाबाईंनी पानं भराभर चाळली. शिक्का मारला.

"आणखी काही द्यायचंय का आज?" बाईंनी विचारलं. घड्याळात पाचला तीन कमी होते.

"आणखी काय देणार? जीव तेवढा राहिलाय," एल्डन म्हणाले आणि विजयी वीरासारखे बाहेर पडले.

पुढच्या गुरुवारी वर्तमानपत्रात एप्रिलच्या निवडणुकीची उमेदवारांची यादी आली. शाळा मंडळाच्या पहिल्या दोन जागांना एकेक उमेदवार होता. शाळा मंडळ, जागा तिसरी, म्हणजे एल्डन व्होपॅट यांची जागा: अर्ज नाही.

ते वाक्य एल्डननी तीनदा वाचलं. मग त्यांना आठवलं की दोनशे एकतीस माणसांच्या सह्या गोळा करण्याच्या भरात स्वतःच्या उमेदवारीच्या अर्जावर एक सही करायची राहून गेली. त्याचीही मुदत तीच होती. तोच मंगळवार, तेच पाच. ते त्या खिडकीत उभे होते, बाईंनी विचारलंही होतं.

"तुम्ही स्पष्ट का नाही म्हणालात?" त्यांनी टेक्लाबाईंना फोनवर विचारलं.

"कुणाला उभं राहा म्हणणं मला कायद्यानं मना आहे, मिस्टर व्होपॅट." मग बाईंचा आवाज चर्चमधला झाला. "अरे एल्डन, मी तुझ्याकडे किती वेळ बघत होते."

आता एकच वाट होती. मतपत्रिकेवर जिथं उमेदवार नसतो तिथं एक कोरी ओळ असते. मतदारानं त्या ओळीवर आपल्या हातानं नाव लिहायचं. ज्याचं नाव जास्त लोकांनी लिहिलं तो निवडून आला. एल्डननी हे कळताच छाती पुढे काढली. गाव आपल्याला विसरणं शक्य नाही. पण त्याच संध्याकाळी ड्वेन कुबिकनं धान्याच्या कोठारावर, महामार्गावरून दिसेल अशा उंचीवर, चादरीएवढा फलक लावला: 'कोऱ्या ओळीवर कुबिक लिहा. निवडणूक आहे तिथंच राहू द्या.'

अध्यक्षांची आता पंचाईत बघा. तीनशे त्रेपन्न माणसं आली नाहीत तर निवडणूक हलत नाही. आली, तर ती महामार्गावरून येणार, म्हणजे कुबिकचा फलक वाचून येणार. जितका जोर लावावा तितका धोंडा आपल्याच पायावर. एल्डन दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे दुपारचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी लॉर्ना म्हणाली, "तुला माणसं हवीत ना? मी चिली करते."

सांगायला हवं की आमच्याकडे शाळेत चिलीबरोबर सिनॅमन रोल, म्हणजे दालचिनीचा गोड पाव, देतात. राजमा-खिम्याच्या त्या तिखट रश्शात गोड रोल बुडवून खायचा. बाहेरची माणसं नाकं मुरडतात, मुरडोत बापडी. लॉर्नाचे रोल शाळेच्या जेवणातून सहा वर्षांपूर्वी बंद झाले होते, साखरेच्या नियमापायी. तो ठराव मांडला होता अध्यक्षांनीच. घरात त्यावर अजून बोलत नाहीत. मतदान शाळेच्याच जेवणघरात व्हायचं असल्यानं जागाही आयती होती. लॉर्नानं पाटी लावली: 'मतदानाच्या दिवशी चिली आणि रोल, सर्वांना.'

ड्वेननं तक्रार केली. मत देणाऱ्याला खायला घालणं म्हणजे लाच. टेक्लाबाईंनी नियम काढला: मत दिलं न दिलं, सगळ्यांना सारखं वाढलं तर लाच नाही, पण मतदान केंद्रापासून उमेदवाराची माणसं दोनशे फुटांवर हवीत, आणि उमेदवाराची बायको हे उमेदवाराचं माणूस. निवडणुकीच्या सकाळी ड्वेन मोजपट्टी घेऊन हजर. एक टोक टेक्लाबाईंनी जेवणघराच्या दाराशी धरलं, दुसरं ड्वेन ओढत गेला तो थेट बसच्या गॅरेजपर्यंत. मग लॉर्नाची पातेली, रोलचे ट्रे, सगळं दोन पिवळ्या बसांच्या मधल्या जागेत.

ड्वेन खूश झाला. पण वारा गॅरेजकडून शाळेकडे आणि शाळेवरून गावाकडे वाहत होता. नऊ वाजेपर्यंत दालचिनीचा वास मुख्य रस्त्यापर्यंत पोचला. ड्वेन पुन्हा तक्रार घेऊन गेला तेव्हा टेक्लाबाई म्हणाल्या, "वारा कुणाचा माणूस आहे ते सिद्ध करा, मिस्टर कुबिक."

माणसं चिखल तुडवत आली. पेरणी यंत्राखालून उठून आली. म्हातारी माणसं आली, पोटुशा बाया आल्या, तीन गावं पलीकडे राहायला गेलेली पण नाव अजून इथंच असलेली पोरंठोरं आली. मत द्यायचे, गॅरेजकडे जायचे, बसच्या पायरीवर बसून खायचे, शेजारच्याला शेताची खबर विचारायचे. दुपारी दोनला तीनशे त्रेपन्नावा मतदार आला, तेव्हा दोनशे फुटांवर उभ्या असलेल्या एल्डननी टोपी काढली. दिवस संपेपर्यंत सहाशे अकरा झाले. अग्निशमन दलाच्या पॅनकेकपेक्षा अकरा जास्त. हार्लननी ते पाटीवर खडूनं लिहिलं.

आणि निवडणूक हलवायचा प्रश्न आपटला. बाजूनं दोनशे तेवीस, विरुद्ध तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"का पण?" एल्डननी निकाल ऐकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारलं.

"नोव्हेंबरात काय मिळणार?" बोटं चाटत एक जण म्हणाला. "एप्रिल झकास आहे."

ठीक आहे, एल्डन मनाशी म्हणाले. निवडणूक नाही हलली, पण सहाशे अकरा माणसं तर हलली. राहिली आपली जागा. कोऱ्या ओळींचा निकाल मात्र यंत्र लावत नाही. त्याची छाननी पुढच्या सोमवारी, कचेरीत, सर्वांसमक्ष. टेक्लाबाई आणि दोन पंच एकेक मतपत्रिका उचलून लिहिलेलं मोठ्यानं वाचतात. मतदाराच्या मनात कोण होतं ते स्पष्ट कळलं तर मत धरायचं.

सोमवारी दुपारी एल्डन नवा टाय लावून पहिल्या रांगेत बसले. ड्वेन पलीकडच्या बाजूला. मागे हार्लन.

"कुबिक," टेक्लाबाईंनी वाचलं. "कुबिक. एल्डन व्होपॅट. कुबिक. व्होपॅट. कोरी. कोरी. वाघ्या."

"वाघ्या कोण?" एका पंचानं विचारलं.

"शेरीफचा कुत्रा," हार्लननी मागून सांगितलं. "चांगला आहे."

"पुढे. एल्डन व्होपॅट. लॉर्नाचा नवरा."

खोलीत थोडी चुळबुळ झाली. टेक्लाबाईंनी ती पत्रिका वेगळी ठेवली. थोड्या वेळानं आणखी एक. मग तीन लागोपाठ. लॉर्नाचा नवरा. लॉर्नाचा म्हातारा. रोलवाल्या लॉर्नाचा तो. एल्डनचे कान लाल होऊ लागले. चार वाजता हिशेब लागला. कुबिक दोनशे चार. एल्डन व्होपॅट एकशे एकाहत्तर. आणि बाजूला ठेवलेल्या ढिगात अठ्ठावन्न.

ड्वेन उभा राहिला. "ही मतं बाद करा. मतपत्रिकेवर नाव हवं. आणि गावात लॉर्ना दोन आहेत. वृद्धाश्रमात लॉर्ना पीटर्स आहे."

"तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला," पंच म्हणाले.

"म्हणून काय झालं? गेलेल्या माणसालाही लोक मत देतात."

"तिला रोल येत नाहीत," हार्लन म्हणाले.

टेक्लाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मतदाराचा हेतू ठरवायचा तर साक्ष लागेल. लॉर्नाचा नवरा कोण, ते शपथेवर सांगणारा कुणी आहे का?"

एल्डन जागचे हलले नाहीत. अठरा वर्षं मंडळाच्या टेबलावर ज्यांच्या नावाची पितळी पाटी होती, त्यांनी आता उठून हे सांगायचं? जावी जागा. एकशे एकाहत्तर माणसांनी स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं, हेच एक्केचाळीसच्या चौपट. त्यावर समाधान मानावं आणि घरी जावं.

"ढीग पुन्हा वाचा," एक पंच म्हणाले. "हेतू कळेल."

टेक्लाबाई वाचू लागल्या. "लॉर्नाचा नवरा, थंडीत पेन्सिल घेऊन आलेला. लॉर्नाचा नवरा, गारांचा माणूस. लॉर्नाचा नवरा, आमचं छप्पर उडालं तेव्हा रात्रीच आला होता. लॉर्नाचा नवरा, दोनदा सही घेतली पण दोन्ही वेळा आभार मानले." बाई थांबल्या, एक पत्रिका जवळ धरली. "लॉर्नाचा नवरा. नाव आठवत नाही. पण माणूस बरा आहे, तोच असू द्या."

तोच असू द्या. सहा निवडणुका झाल्या, पण हे एल्डनना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी नवा टाय सैल केला. ते उठले, पुढे गेले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

"मी, एल्डन जोसेफ व्होपॅट, शपथेवर सांगतो की मी लॉर्नाचा नवरा आहे."

"कधीपासून?" टेक्लाबाईंनी विचारलं. "नोंदीत लिहावं लागतं."

"सदतीस वर्षं," एल्डन म्हणाले. "बिनविरोध."

दार उघडं होतं. शाळेचं जेवण आटोपून लॉर्ना डोक्यावरची जाळी न काढताच येऊन उंबऱ्यात उभी होती.

"तेही तुम्ही लिहून घ्या, टेक्ला," ती म्हणाली. "तो एक अर्ज तेवढा यानं मुदतीत भरला होता."